विमानाचे नवे सुकाणू

होडी वेगात असली, म्हणजे सुकाणू जरासे वळवताच ती वळते. वेग मंदावला, की तेच सुकाणू कितीही फिरवले तरी होडी दाद देत नाही. विमानाचेही असेच आहे. त्याच्या पंखांवर व शेपटीवर हलत्या फळ्या असतात. वेग निम्मा झाला, की त्यांच्यावरील हवेचा जोर चौथाईच उरतो.

जुन्या विमानांत ह्या फळ्या पोलादी तारांनी वैमानिकाच्या दांडीला जोडलेल्या असत. वेग उतरू लागला, की दांडी हाताला सैल लागे आणि तेवढ्याच कामासाठी अधिक ओढावी लागे. विमानाची नाडीच जणू वैमानिकाच्या हाती असे.

१९८८ मध्ये वाहतुकीत आलेल्या एअरबस ए-३२० विमानातही तारा आहेत. पण त्या ओढण्यासाठी नसून निरोप नेण्यासाठी आहेत. ह्या पद्धतीस फ्लाय-बाय-वायर म्हणतात. दांडीचा संदेश विजेच्या रूपाने संगणकाकडे जातो आणि फळी किती वळवायची, हे संगणक ठरवतो. वेग कमी झाला, तर तो फळी अधिक वळवून तोच परिणाम साधतो. दांडीच्या स्प्रिंगचा ताण मात्र वेग कोणताही असो, सारखाच. सोय मोठी खरी. परंतु हाताला मिळणारी सूचना तिच्यापायी गेली.

मंदावलेल्या विमानाला उंची राखण्यासाठी नाक वर करावे लागते, व पंखांचा समोरच्या वाऱ्याशी होणारा कोन वाढतो. तो मर्यादेपलीकडे गेला, की हवेचा प्रवाह पंखांना सोडतो आणि विमान कोसळू लागते. म्हणून ए-३२० मध्ये त्या मर्यादेच्या अलीकडे संगणकाचा पहारा बसवला आहे. तेथे दांडी पूर्ण मागे ओढली, तरी संगणक ठरलेल्या कोनापुढे जाऊ देत नाही. प्रसंगी इंजिनांचा जोरही आपण होऊन वाढवतो. बोइंग ७७७ च्या रचनाकारांनी वेगळी वाट धरली. तेथे वेग उतरताच विमान नाक खाली झुकवू पाहते, आणि ते वर राखण्यास वैमानिकाला जोर लावावा लागतो. जुनी जाणीव त्यांनी मुद्दाम जपली आहे.

पण पहारेकऱ्याला डोळे हवेत. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ए-३३० विमान रात्री अटलांटिक महासागरावर होते. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फकणांनी तुंबल्या. वेगाचे आकडे जुळेनात, तेव्हा संगणकाने पहारा उठवला. दांडी तीच होती. आता मात्र ती मागे ओढल्यास अडवणारे कोणी नव्हते. ती ओढली गेली. नळ्या थोड्याच वेळात मोकळ्या झाल्या, परंतु नाक वर धरलेले ते विमान सुमारे ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात कोसळले. आतील २२८ जणांपैकी एकही वाचला नाही.

पुढे तशा नळ्या बदलण्यात आल्या, आणि उंचावर, पहारा नसताना, विमान हाताने सांभाळण्याचा सराव वैमानिकांना देण्यात येऊ लागला.