नडगीचे हाड आणि वैद्याची पारख

सन १७५६ च्या हिवाळ्यात लंडनच्या ओल्ड केंट रोडवर पर्सिव्हल पॉट हा त्या नगरीतील नामांकित शल्यविशारद घोड्यावरून फेकला गेला आणि त्याच्या पायाचे हाड मोडून कातडी भेदून बाहेर आले. रस्ता गारठलेला होता, भोवती जमलेले लोक त्याला उचलून गाडीत घालण्यास उत्सुक होते. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मोडलेली हाडे पाहिली त्याने स्वतःच्या अंगाला कोणाला हात लावू दिला नाही. खुर्च्या वाहणाऱ्या दोन भोयांना त्यांच्या दांड्यांसह बोलावणे धाडले, ते येईपर्यंत तेथेच एक दार विकत घेतले, ते दार दांड्यांवर ठोकवून घेतले, आणि त्यावर निजून तो लंडन ब्रिजवरून घरी पोहोचला. घरी जमलेल्या शल्यवैद्यांनी पाय कापण्याचा निर्णय दिला, पॉटने संमती दिली, हत्यारेही सिद्ध झाली. इतक्यात त्याचे गुरू एडवर्ड नोर्स येऊन दाखल झाले, त्यांनी जखम शांतपणे न्याहाळली आणि हा पाय राखून पाहण्याजोगा आहे असे मत दिले. पाय राहिला. पुढे १७६८ साली पॉटने अस्थिभंगावर ग्रंथ लिहिला आणि तो त्यानंतर वीस वर्षे जगला.

ज्याचा पाय आज मोडला आहे, किंवा ज्याच्या घरातील माणसाचा मोडला आहे, त्याला उपयोगी पडणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी या एकाच हकिकतीत आहेत: मोडलेला पाय हलवण्यापूर्वी स्थिर केला पाहिजे, आणि पहिला निर्णय कितीही एकमुखी असला तरी जाणत्या माणसाची दुसरी नजर त्यावरून फिरू द्यावी. यांतील पहिली गोष्ट आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुताने मांडी आणि नडगी यांच्या भंगासाठी कपाटशयन सांगितले आहे, म्हणजे रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने पाय जखडून ठेवणे. बांधणी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही आणि अतिशय आवळली तर सूज, वेदना व पू यांचा उपद्रव होतो, असा इशाराही त्याने दिला. आणि बालवयात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने हाड जुळण्यास लागतात असा अंदाजही त्याने नोंदवून ठेवला. साध्या भंगापुरता हा अंदाज अजूनही फारसा चुकीचा नाही. मात्र प्रौढ माणसाच्या नडगीचा मोठा भंग त्यात बसत नाही. तेथे चार ते सहा महिने सहज लागतात, आणि हाडाचे तुकडे झाले असतील वा जखम उघडी असेल तर कधी वर्षही पुरत नाही.

याचे कारण नडगीच्या रचनेत आहे. मांडीचे हाड चहूबाजूंनी जाड स्नायूंनी वेढलेले असते. नडगीच्या पुढच्या व आतल्या अंगाला मात्र कातडीखाली लगेच हाड लागते. त्यामुळे आघात झाला की हाडाचे टोक सहज बाहेर येते, आणि खालच्या तिसऱ्या हिश्शात स्नायूंचे आवरण व रक्तपुरवठा दोन्ही तुटपुंजे असल्याने तेथील भंग जुळायला हटकून उशीर लावतो. उघड्या जखमेत जंतू शिरत, पू होई, आणि जीव वाचवायचा तर पाय कापावा लागे, हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा शिरस्ता होता. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले होते. तेथील शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी त्याची जखम कार्बोलिक अम्लाने धुऊन त्याच द्रव्यात भिजवलेल्या कापडाने झाकली, आणि सहा आठवड्यांत तो मुलगा दोन्ही पायांवर चालत घरी गेला. आज ज्याला आपण निर्जंतुक शस्त्रक्रिया म्हणतो तिचा प्रारंभ या मोडलेल्या नडगीपासून झाला.

आजही उघड्या भंगाचे भवितव्य पहिल्या काही तासांत पुष्कळ अंशी ठरते. प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्य तो पहिल्या तासात मिळावे, धनुर्वाताची लस द्यावी, जखम स्वच्छ कापडाने झाकावी आणि पाय फळीला किंवा शेजारच्या चांगल्या पायाला बांधून मगच माणूस हलवावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तिची वाट पाहण्याइतका धीर ठेवला तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून जखमीला नेण्याचा तो भयंकर प्रकार टळतो. एक लक्षण मात्र प्रत्येक घरच्या माणसाने ध्यानात ठेवावे. जखमेच्या मानाने अवाजवी वेदना होत असतील, औषधाने त्या दबत नसतील, पोटरी टणक लागत असेल आणि पायाची बोटे हलकेच वर ओढली तरी रुग्ण कळवळत असेल, तर पोटरीच्या स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यांत दाब चढत आहे असे समजावे. तेथे काही तासांच्या आत प्लास्टर फोडून, आणि गरज पडल्यास त्या कप्प्यांचे आवरण चिरून, दाब मोकळा करावा लागतो. रात्रीची वेळ आहे, मोठे डॉक्टर सकाळी येतील, या उत्तरावर येथे थांबू नये. आवळून बांधलेल्या पट्टीमुळे पाय गमावलेली माणसे आपल्या खेड्यापाड्यांत आहेत, म्हणून हाडवैद्यांच्या हातच्या कसबाबद्दल पूर्ण आदर राखूनही मी म्हणेन की उघड्या जखमेचा, सुन्न पडलेला किंवा वाकडा झालेला पाय त्यांच्याकडे नेऊ नये. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवणाऱ्यांचेच होते. त्यांच्या वडिलांनी मुलांना वैद्यकाचे रीतसर शिक्षण दिले, आणि त्यातूनच ती थॉमस स्प्लिंट निर्माण झाली, जिने पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. परंपरेचे कसब आणि शास्त्राची शिस्त यांचा संगम होऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

या पहिल्या तासांत डॉक्टर निवडण्याची मुभा कोणालाच नसते. जवळचे इस्पितळ हेच योग्य इस्पितळ; आणि अपघातग्रस्ताला तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. निवडीचा खरा प्रश्न पुढे येतो. जीव स्थिर झाला, तात्पुरत्या सळया बाहेरून बसवल्या गेल्या, आणि आता कायमचा इलाज काय, तो कोणी करावा, हे ठरवायला बहुधा काही दिवस हाती असतात. त्याहून कठीण वेळ पुष्कळ महिन्यांनी येते, जेव्हा हाडाच्या आत रॉड टाकूनही हाड धरत नाही.

या दुसऱ्या वेळेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण व्हॅलेरी ब्रुमेल या रशियन खेळाडूचे आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि त्याच्या आदल्याच वर्षी २.२८ मीटरचा जागतिक विक्रम करणाऱ्या या तरुणाचा पाय १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात चिरडला गेला. मॉस्कोच्या शल्यवैद्यांनी पाय वाचवला खरा, परंतु एकामागून एक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना, जंतुसंसर्ग हटेना आणि पाय आखूड राहिला. जवळजवळ तीन वर्षे अशी गेल्यावर तो राजधानीतून निघून सैबेरियातील कुर्गान या दूरच्या गावी गेला. तेथे गॅव्हरील इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते. १९४४ साली पदवी घेऊन ते कुर्गान प्रांतातील खेड्यात रुजू झाले. महायुद्धातून परतलेले, न जुळलेल्या हाडांचे सैनिक त्यांच्यापुढे रोज येत, आणि साधने जवळजवळ नव्हतीच. त्यांनी लोखंडी कडी, ताणलेल्या बारीक तारा आणि पेचांचे दांडे यांचे एक उपकरण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिद्ध केले, ज्याने हाड बाहेरून घट्ट धरले जाई आणि रुग्ण त्या पायावर चालूही शके. पुढे त्यांच्या लक्षात आले की हाड विशिष्ट रीतीने कापून दोन टोके दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, अशा संथ गतीने दूर सारली तर मधल्या पोकळीत नवे हाड तयार होते. राजधानीतील विद्वानांनी या प्रांतिक डॉक्टराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले होते. ब्रुमेलचा पाय तेथे सांधला व लांबवला गेला, आणि तो पुन्हा दोन मीटरांहून उंच उडी मारू शकला.

पश्चिमेत हे ज्ञान पोहोचले तेही एका रुग्णामुळेच. कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक नडगीच्या जुन्या, नीट न जुळलेल्या भंगाने कित्येक वर्षे लंगडत होता. नॉर्वेचे साहसी प्रवासी थॉर हायरडाल यांच्या ‘रा’ या पपायरसच्या नौकेवर त्याचा सहप्रवासी युरी सेन्केविच हा रशियन डॉक्टर होता. त्याच्या सांगण्यावरून माउरी १९८० साली कुर्गानला गेला, बरा झाला, आणि त्याचा पाय पाहून चकित झालेल्या इटालियन डॉक्टरांनी १९८१ साली इलिझारोव्ह यांना आपल्या देशात व्याख्यानासाठी पाचारण केले. तेथून ही पद्धती जगभर गेली; आपल्या अकोल्यातही तिचे नावाजलेले केंद्र उभे राहिले. ब्रुमेल आणि माउरी या दोघांनाही योग्य डॉक्टर सापडला तो नामांकित शहरात सापडला नाही, आणि इमारतीच्या भव्यतेवरून तर नाहीच नाही. ज्याने न जुळलेले हाड हाच आपल्या आयुष्याचा विषय केला होता त्याच्यापर्यंत ते पोहोचले. पैकी एकाला तर जाणत्या माणसाच्या तोंडच्या शिफारशीने वाट दाखवली.

आपल्याकडे ही शिफारस कोणाकडे मागावी? शस्त्रक्रिया होऊन नुकतेच घरी परतलेल्या रुग्णाचे समाधान फारसे प्रमाण मानू नये, कारण टाके सुकले म्हणजे हाड जुळले असे नव्हे. ज्याला वर्ष होऊन गेले आहे त्याला विचारावे. त्याहून मोलाचे मत फिजिओथेरपिस्टचे असते, कारण गावातल्या सगळ्या डॉक्टरांचे हातचे काम पुढे त्याच्याच समोर येते; कोणाचे गुडघे वाकतात आणि कोणाचे आखडून राहतात हे त्याच्याइतके कोणी जाणत नाही. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून तुमच्या भाषेत समजावतो का, कातडीचा तुकडा लावण्याची वेळ आली तर प्लास्टिक सर्जन कोण हे सांगतो का, आणि हाड धरले नाही तर पुढे काय, या प्रश्नाने तो चिडतो की शांतपणे त्याचे उत्तर देतो, हे पाहावे. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न हीच खरी कसोटी आहे. अस्थिभंगाचा उत्तम डॉक्टर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जितका कुशल असतो तितकाच तो सहाव्या महिन्यात उपलब्ध असावा लागतो. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्यात पहिल्याचा अवमान नाही; त्यासाठी लागणारे कागदपत्र मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत दिले पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच दंडक आहे.

पैशाचा प्रश्न टाळून हा विषय पुरा होत नाही, कारण रिक्षा चालवणाऱ्याचा किंवा ऊसतोडणी करणाऱ्याचा पाय मोडतो तेव्हा त्या घराची मिळकतच थांबते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच करावी. बिल भरून झाल्यावर ती उपयोगी पडत नाही. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या इस्पितळांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवण्याची तजवीज मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेत आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवा अधीक्षकाला भेटावे, आणि ही मागणी ताठ मानेने करावी.

मग घरचे दीर्घ महिने येतात. डिंकाचे लाडू, पायाचे सूप, कांडवेल यांवर आपल्या घरांचा विश्वास आहे. पौष्टिक आहार म्हणून त्यांतले जे पचेल ते जरूर खावे, परंतु हाडासाठी याहून मोठी गोष्ट करायची असेल तर तंबाखू सोडावी. धूम्रपानाने रक्तपुरवठा आकसतो आणि हाड जुळणे लांबते. घरातल्या बायकांच्या मिश्रीतही निकोटिन आहेच, आणि ही गोष्ट डॉक्टर विचारीत नाहीत व बायका सांगत नाहीत. मधुमेह आटोक्यात ठेवावा, ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पाय उंच ठेवून घोटा दिवसातून अनेकदा वरखाली करावा, म्हणजे पोटरीत रक्ताची गाठ धरण्याचा संभव कमी होतो. एकाएकी पोटरी सुजली किंवा छातीत दुखून धाप लागली तर तडक इस्पितळ गाठावे. मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच विलक्षण बारीक होतात आणि ते पाहून रुग्ण खचतो. तेव्हा घरच्यांनी सांगावे की ते परत भरतात, कारण ते खरेच भरतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय व काठी आधी. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे या आपल्या रोजच्या गोष्टी सर्वांत शेवटी परततात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच घरात कमोडची खुर्ची आणून ठेवावी. पूर्ण भार केव्हा द्यायचा हे पंचांग पाहून ठरत नाही, एक्स-रेवर ठरते: निरनिराळ्या बाजूंनी नवे हाड धरलेले दिसले की डॉक्टर परवानगी देतात, आणि नऊ महिने होऊनही, त्यांतल्या शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती दिसली नाही, तर हाड न जुळल्याचे मान्य करून नव्या सल्ल्यासाठी निघावे. हाड पूर्ण जुळल्यावर रॉड काढायचा की नाही याची काळजी पुष्कळजण अकारण करतात; प्रौढाच्या पायात तो त्रास देत नसेल तर तसाच राहिला तरी चालतो, आणि काढलाच तर पेचांची भोके भरून येईपर्यंत काही आठवडे धावणे व उड्या मारणे वर्ज्य करावे.