आज्जीचं फडकं आणि नारू

निपाणीजवळच्या आमच्या गावी आज्जीच्या प्रत्येक घागरीच्या तोंडावर जुन्या इरकली लुगड्याचं फडकं बांधलेलं असायचं. बेळगावात बीईला असताना एकदा सुट्टीत गेलो आणि ते सोडायला लागलो. "आज्जी, आता नळाचं पाणी येतंय की. हे कशाला?" तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं. तिथं जुना व्रण होता. "नारू आल्ता. ऐन सुगीत दोन महिने अंथरुणात काढले. पायऱ्यांच्या हिरीचं पाणी पीत होतो आम्ही." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर नारू म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं.

नारू हा पाण्यातून होणारा कृमीचा रोग. बाधित माणसाने विहिरीत पाय बुडवला की फोडातून अळ्या पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव त्या खातो. ते पाणी न गाळता प्यायलं की अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात आणि साधारण वर्षभराने कृमी बहुधा पायातून बाहेर येतो. तो मीटरभर लांब असू शकतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. यावर ना औषध, ना लस.

सायक्लॉप्सचा संबंध रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास शोधला होता. पण सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला नारू होतो, हे १९१३ मध्ये मुंबईत स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी. मराठी व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचे हे पुतणे. पुढे १९३० च्या दशकात आपल्या कर्नाटकातच, चित्रदुर्ग भागात, डॉ. मूर्ती यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले.

रोगाची साखळी कुठे तोडायची हे कळल्यावर उपाय साधे होते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं आणि घरोघरी पाणी गाळायला शिकवलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

फडक्याची गोष्ट इथेच संपत नाही. रिटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की कॉलऱ्याचे जिवाणू सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या जीवांना चिकटून राहतात. बांगलादेशातल्या खेड्यांत त्यांच्या गटाने बायकांना जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

हे वाचून मला आज्जीचा फार अभिमान वाटला, आणि त्याच भरात मी चूक केली. गेल्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं. प्युरिफायर बंद होता. मी चौपदरी कापडातून पाणी गाळलं आणि न उकळता पाच वर्षांच्या लेकीला दिलं. दोन दिवसांनी जुलाबाने ती सलाईनवर होती. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: कापडात सायक्लॉप्स अडकतो, त्याला चिकटलेले जिवाणूही अडकतात. पण पाण्यात सुटे असलेले जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. ते कापडातून आरामात जातात.

लेक बरी झाली. आता आमच्याकडे शंका आली की पाणी आधी गाळतो, मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू देतो. ओआरएसची पाकिटंही घरात असतात.

तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर नारूबद्दल एकदा विचारा. मुलांनाही जवळ बसवा. आमची आज्जी आता नाही. तिच्या घोट्यावरच्या त्या व्रणाबद्दल मी तेव्हाच आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते.