संगणकावर वारंवार उभी राहणारी चौकट : कारण व उपाय

शाळेचा संगणक सुरू करावा, विद्यार्थ्यांच्या नोंदी भरावयास बसावे आणि तेवढ्यात न मागितलेली एखादी चौकट पडद्यावर उभी राहावी, हा अनुभव अनेक शिक्षकांस येतो. चौकट मिटविली तरी थोड्या वेळाने ती पुन्हा येते. याचे कारण उघड आहे. मिटविल्याने केवळ चौकट नाहीशी होते. तिला पाठविणारा प्रोग्राम आत तसाच असतो. हरळी वरवर खुडली तर ती पुन्हा फुटते, तसाच हा प्रकार होय.

म्हणून उपायापूर्वी निरीक्षण करावे. विद्यार्थ्याची तीच ती चूक होऊ लागली, म्हणजे शिक्षक ती केव्हा होते हे प्रथम पाहतात. येथेही चौकट येण्याची वेळ व तिच्यावरील नाव दोनतीन दिवस वहीत टिपून ठेवावे. त्यावरून पुढील तीन प्रकारांपैकी कोणता, हे बहुधा कळून येते.

१. संगणक सुरू होताच येणारी चौकट : विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'स्टार्टअप' विभागात आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. उपद्रवी नावावर माउसची उजवी कळ दाबून 'डिसेबल' निवडावे. याने प्रोग्राम नष्ट होत नाही. चूक झाल्यास 'एनेबल' करून ती सुधारता येते. एका वेळी एकच नाव बंद करावे, म्हणजे दोष कोणाचा ते निश्चित समजते.

२. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या जाहिराती : एखाद्या संकेतस्थळावर नकळत 'अलाउ' दाबले गेल्याने त्यास सूचना पाठविण्याची मुभा मिळालेली असते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज' व 'नोटिफिकेशन्स' या क्रमाने जाऊन अनोळखी संकेतस्थळांची मुभा काढून घ्यावी.

३. ठरावीक वेळी येणारी चौकट : काही प्रोग्राम 'टास्क शेड्युलर'मध्ये स्वतःची वेळ नोंदवून ठेवतात. तेथे त्याच नावाची नोंद आढळल्यास ती 'डिसेबल' करावी. नाव ओळखीचे नसेल तर हात लावू नये. प्रणालीची आवश्यक कामेही तेथेच नोंदलेली असतात.

एवढ्याने उपद्रव न थांबल्यास मूळ प्रोग्रामच काढून टाकावा. 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स' विभागात यादी दिनांकानुसार लावता येते. उपद्रव सुरू झाला त्या सुमारास काय बसविले गेले, ते पाहून 'अनइन्स्टॉल' करावे. त्यानंतर 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' ही तपासणी करावी. तीत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो व सुमारे १५ मिनिटे लागतात. म्हणून चालू काम आधी जतन करावे.

एका प्रकाराविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. 'संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' अशी चौकट संपूर्ण पडदा व्यापते; कधी मोठा आवाजही होतो. ही फसवणूक होय. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. फोन करू नये, पैसे देऊ नयेत व कोणास संगणकाचा दुरून ताबा देऊ नये. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांकही असू शकतात. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच असतील तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक.

हा उपद्रव पुष्कळदा फुकट मिळणाऱ्या एखाद्या साधनाबरोबर आत येतो. ते बसविताना घाईने 'नेक्स्ट' दाबत गेल्यास सोबतच्या दुसऱ्या प्रोग्रामासही संमती दिली जाते. उत्तरपत्रिकेवर सही करण्यापूर्वी शिक्षक ती वाचतात. संमतीची कळ दाबण्यापूर्वीही तसेच वाचावे, आणि हीच सवय संगणकापाशी बसणाऱ्या मुलांसही लावावी.