आधी समेट, मग प्रार्थना

कॅथलिक चर्चमधील मिस्सात प्रभुभोजनाच्या काही क्षण आधी भाविक शेजारच्या व्यक्तीकडे वळतात आणि हात जोडून तिला शांती चिंतितात. चर्चमध्ये प्रथमच गेलेल्यास हा शिष्टाचार वाटतो. वस्तुतः त्यामागे एक कठोर अट आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात, येशूने अर्पणाविषयी सांगितले आहे. वेदीपाशी आल्यावर आपल्याविषयी कोणा बांधवाच्या मनात रोष आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा. रोष दुसऱ्याच्या मनात असला, तरी पाऊल आपण उचलायचे. भांडण न करणे एवढ्याने ही अट पुरी होत नाही.

समेटासाठी दुसऱ्याचे दुःख जाणावे लागते. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात वाटेवर जखमी पडलेल्या प्रवाशाला उचलतो तो तुच्छ मानलेल्या समाजातील माणूस. धर्माधिकारी मात्र बाजूने निघून जातो. नाशिकमध्ये शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावामागचा इतिहास ठाऊक असेल? चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना आश्रय, शिक्षण आणि हातांना काम मिळाले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होता. १८७४ साली लंडनमधील दफनविधीलाही तो उपस्थित होता. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतात, त्या मुलांना मिळालेल्या आसऱ्याविषयी नसावेत.

परक्याला आसरा देणे एकवेळ जमते. घरातील माणसाचे मन जाणणे अवघड. याचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात सापडते. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता! शांतीच्या शिकवणीने भारलेल्या माणसाच्या हातूनच घरातील शांती मोडली. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात त्या वाढलेल्या. पतीचे धर्मांतर हा त्यांच्यासाठी केवळ विचारांचा मतभेद नव्हता. जेवणखाण, नातेगोते, समाजातील स्थान असे सारेच त्यामुळे तुटत होते.

मात्र दोघांनीही नाते तोडले नाही. टिळकांनी दुसरा संसार थाटला नाही, की लक्ष्मीबाईंवर आपल्या धर्माची सक्ती केली नाही. काही काळाने लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. एकाने श्रद्धा सोडावी अशी अट न घालता झालेला हा समेट होता. पुढे जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्याच विचाराने आल्या. प्रथम शिवाशीव सुटली आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. या समेटात अधिक वाट चालून आल्या त्या लक्ष्मीबाईच, असे 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते. पतीचा तापटपणा त्यांनी त्यात लपवलेला नाही आणि त्याबद्दल त्यांच्यावर सूडही उगवलेला नाही. विनोद हे त्यांचे मोठे साधन होते.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात बंधू म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने ती फारशी फळास आली नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केले.