कातर बाजूला, फणी हातात
(घरचे चौपाये : लेखांक ६)

कुत्र्याचे शरीर उष्णता बाहेर कशी टाकते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. अंग गार ठेवणाऱ्या घामाच्या ग्रंथी त्याला जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांत असतात. मुख्य काम धाप करते. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिथून वाहणारे रक्त थंड होते. आजचा विषय याच माहितीला जोडून आहे : लांब केसांच्या कुत्र्याचे उन्हाळ्यात करायचे काय?

मार्च उजाडला की ग्रूमरकडे एकच फर्माईश सुरू होते, "उकाडा वाढलाय, सगळे केस उतरवून टाका." फर्माईश मायेपोटीच असते, पण हिशेब माणसाचा असतो. आपल्या अंगावर घाम येतो, तो वाळला की गार वाटते, म्हणून आपण केस बारीक करतो. कुत्र्याच्या अंगावर घामच नाही, तर केस काढून वाळणार काय? त्यामुळे मशीनला हात लावण्याआधी आपल्या कुत्र्याच्या अंगावर कोणत्या जातीचे केस आहेत, ते पाहायला हवे.

आधी केस ओळखा

पाठीवरचे केस दोन्ही हातांनी बाजूला करून कातडीपर्यंत भांग पाडा. वर लांब, काहीसे राठ केस आणि आत दाट, मऊ लव दिसली, तर तो दुहेरी केसांचा कुत्रा. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, सेंट बर्नार्ड हे सगळे याच गटातले. आपल्याकडे घरोघर ज्याला पॉमेरेनियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवा. तोही दुहेरी केसांचाच.

शिह त्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज, पूडल यांचे केस मात्र आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात. ते फारसे गळत नाहीत आणि कापले तर पुन्हा नीट येतात. या मंडळींचे केस उन्हाळ्यात आखूड करायला हरकत नाही. फक्त साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर लांबी ठेवायला सांगा. १० नंबरचे पाते जेमतेम दीड मिलिमीटर केस मागे ठेवते, म्हणजे जवळजवळ टक्कलच. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. त्यामुळे उघड्या कातडीवर ऊनही लागते आणि डासही.

दुहेरी केसांची गोष्ट वेगळी. ते कौलारू घराच्या पोटमाळ्यासारखे काम करतात. मधली हवा मोकळी असेल तोवर वरच्या उन्हाची झळ खाली पोचायला वेळ लागतो. मशीन फिरवले की हा आडोसाच जातो. शिवाय आतली लव लवकर वाढते आणि वरचे राठ केस हळू, म्हणून काही महिन्यांनी अंगावर लोकरीसारखा जाड, मऊ थर तयार होतो. त्यात कुसळे आणि धूळ पहिल्यापेक्षा जास्त अडकतात. स्पिट्झ, पॉमेरेनियन, हस्की, चाऊ चाऊ यांच्यात तर काही वेळा मशीन लावलेल्या जागी केस सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ येतच नाहीत. ‘केस गळायचे थांबतील’ ही आशाही फोल असते. केस गळतच राहतात, फक्त आखूड असल्यामुळे सोफ्यात रुतून बसतात.

खरा उपाय : मेलेली लव काढणे

दिवस मोठा होऊ लागला की आतली लव सुटू लागते. दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या घरातल्या कुत्र्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर जोर असतोच. सुटलेली लव आपोआप खाली पडत नाही. ती वरच्या केसांत अडकते आणि थर घट्ट होतो. मग हवा खेळत नाही आणि कातडीजवळची ऊब तिथेच कोंडते. कुत्र्याला केसांचा त्रास होतो तो असा; केसांच्या लांबीने फारसे काही बिघडत नाही.

वरवर ब्रश फिरवला की पाठ चमकते, पण खालचे गुंते तसेच राहतात. म्हणून एका हाताने केस उलटे दाबून धरायचे, कातडी दिसेल अशी रेघ पाडायची, आणि तिथून थोडे थोडे केस खाली सोडत मुळापासून टोकापर्यंत विंचरायचे. रेघ संपली की बोटभर वर दुसरी रेघ. दाट लवेसाठी लांब दातांचा रेक, बाकी अंगासाठी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि शेवटी स्टीलची फणी, एवढी तीन हत्यारे पुरतात. स्लिकर दाबून घासला तर कातडी सोलवटते, म्हणून हात हलका हवा. कोरडे केस तुटू नयेत यासाठी आधी पाण्याचा हलका फवारा मारा. फणी कातडीपासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेली, तर काम झाले असे समजा.

गुंते ठरलेल्या जागी होतात : कानांच्या मागे, बगलेत, जांघेत, मांड्यांच्या मागच्या झालरीत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली. रोज हार्नेस घालत असाल तर त्याच्या पट्ट्यांखालची जागा आधी तपासा. गाठ सोडवताना कातडी आणि गाठ यांच्या मधले केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग टोकाकडून सुरुवात करा. कात्रीने गाठ कापायचा मोह टाळा. गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि ती कापल्यावरच कळते.

केस सोडण्याच्या दिवसांत दुहेरी केसांच्या कुत्र्याला एकाआड एक दिवस वीस मिनिटे द्या. शिह त्झू, ल्हासाचे केस लांब ठेवायचे असतील तर रोज विंचरण्याला पर्याय नाही.

कातर कुठे चालते

काही जागी केस कमी करणे दुहेरी केसांच्या कुत्र्यालाही सोयीचे असते. पंजांच्या गाद्यांमधले केस गाद्यांच्या पातळीत आणावेत; लादीवर पाय घसरत नाही आणि तिथे लपलेले गोचीड दिसते. शेपटीखालचे केस स्वच्छतेसाठी कापावेत. पोटाखाली आणि जांघेत जिथे केस मुळातच विरळ असतात, तिथे ते थोडे आखूड केले की कुत्रा गार लादीवर पोट टेकून पडला असताना उष्णता सहज निघून जाते. पाठ, खांदे आणि मान मात्र तशीच ठेवा, कारण ऊन तिथेच पडते.

मशीनचे पाते चालता चालता तापते. घरी वापरत असाल तर दर थोड्या वेळाने ते आपल्या मनगटाला लावून पाहा. चटका बसला तर थांबा.

एक अपवाद सांगायला हवा. अंगभर जटा झाल्या असतील तर तासन्‌तास विंचरणे म्हणजे छळ. जटांखाली ओल राहते, जखमा होतात आणि वरून त्या दिसतही नाहीत. अशा वेळी जात कोणतीही असो, जाणत्या ग्रूमरकडून किंवा पशुवैद्याकडून मशीनने सगळे उतरवून घ्यावे आणि केस येईपर्यंत कुत्र्याला उन्हात नेऊ नये.

आंघोळ आणि हवा

विंचरल्याशिवाय आंघोळ घालू नका. भिजलेली गाठ आणखी आवळते. माणसांचा शाम्पूही नको. आपली कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानाने उदासीनतेकडे झुकणारी, त्यामुळे आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एक आंघोळ पुरे. फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला, टॉवेलने टिपा आणि पंख्याखाली किंवा गार हवेच्या ड्रायरने बुडापर्यंत वाळवा. दाट लव आत ओली राहिली की वास येतो, खाज सुटते आणि एका रात्रीत लालभडक, ओलसर चट्टा उठू शकतो.

मुंबई आणि कोकणपट्टीत हे वाळवणे सर्वांत महत्त्वाचे. दमट हवेत ओलाव्याची वाफ नीट होत नाही, म्हणून धाप टाकूनही कुत्र्याला आराम पडत नाही. चौतीस अंशांतही त्याचे हाल होतात. त्यात शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे अधिकच. नागपूर-चंद्रपूरकडे हवा कोरडी, पण पारा पंचेचाळीसवर. तिथे पाठीवरचे केस राखणे आणि सकाळी ऊन चढण्याआधीच फिरणे उरकणे याला पर्याय नाही. कितीही छान विंचरलेला हस्की असला, तरी मे महिन्याच्या दुपारी त्याची जागा घरातच.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लाल होतात, पाय लटपटतात, अशी लक्षणे दिसली की सावलीत न्या, अंगावर नळाचे पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

तेव्हा या उन्हाळ्यात ‘समर कट’चे पैसे खर्च करण्याआधी एक चांगली स्टीलची फणी घ्या. ती मुळापर्यंत फिरू लागली की केसांत लपलेले पाहुणेही हाती लागतील. त्या पाहुण्यांचा, म्हणजे गोचिडांचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या तापाचा विचार पुढच्या लेखांकात.