टाळेबंदीतला कोयता

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं नांदूरघाट ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात येतं. दिवाळीच्या आगेमागे इथली बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्र नि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. हिशेब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, पण साखर ‘अत्यावश्यक’ ठरल्याने फडातली तोड चालूच राहिली. मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री पाचटाच्या कोपीत दाटीवाटीने झोपायचं. त्यात सुरक्षित अंतर कुठलं? राज्यात 38 कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार मजुरांना तपासणी करून गावी सोडण्याचा निर्णय 17 एप्रिलला झाला.

ऑक्टोबर 2020 मध्ये संप झाला, तोडणीदरात सरासरी 14 टक्के वाढ मिळाली. पुढची 34 टक्क्यांची वाढ थेट जानेवारी 2024 मध्ये. दोन्ही वेळा दर वाढला तो टनामागे. कोयत्यातल्या बाईची मजुरी मात्र आजही सहसा वेगळी मोजली जात नाही.