सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घर

अमेरिकेत मोतीबिंदू किंवा हर्नियासाठी आता इस्पितळात मुक्काम करावा लागतोच असे नाही. १९७० साली ॲरिझोनातील फीनिक्स येथे डॉ. वॉलेस रीड व डॉ. जॉन फोर्ड यांनी पहिले ‘सर्जिसेंटर’ काढले. १९८२ पासून मेडिकेअर अशा ठिकाणचा खर्च देऊ लागले. रुग्ण २४ तासांच्या आत घरी जाण्याजोगा असावा, ही त्यांची अट. मात्र जवळच्या इस्पितळाशी लेखी करार हवाच, ही मेडिकेअरची सक्ती २०१९ मध्ये उठली. काही राज्यांत ती अजून आहे.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना नेण्यापूर्वी अवश्य विचारावे : प्रकृती बिघडल्यास कोणत्या इस्पितळात हलवणार? तेथे या सर्जनला प्रवेश आहे का? वेळ आणि पैसा वाचतो खरा. पण एवढी चौकशी टाळू नये.